शब्दचर्चा: लस 'समान' मिळावी की 'समन्यायी'?

रातकिडा
आरोग्यावरच्या एका पत्रकाचं भाषांतर करतोय. मी लिहिलं, 'सर्वांना लशीची मोफत व समान उपलब्धता'. तपासणाऱ्या बाईंनी मोफतचं 'विनामूल्य' केलं, समानचं 'समन्यायी', आणि 'उपलब्धता'वर नुसतं प्रश्नचिन्ह. काय ठेवू? उद्या द्यायचंय.

अनुस्वार
बाई बरोबर आहेत. मोफत फारसीतून आलाय. विनामूल्य शुद्ध.

जुनं_खोड
मग दवाखानाही सोडा, तोही तिकडचाच. विनामूल्यात 'मूल्य नसलेली' असाही वास येतो. मोफत पोराटोरांना कळतं. 'फुकट' तेवढं नको, त्यात घेणाऱ्याला टोमणा असतो.

कोरा_कागद
निःशुल्क? पण शुल्क कशाचं, लशीचं की टोचण्याचं? दळणावळ असते तशी 'टोचणावळ' वेगळी लावली तर लस मोफत म्हणायची का?

अनुस्वार
टोचणावळ! हा शब्द कुठल्या कोशात आहे?

कोरा_कागद
आत्ताच पाडला. मोफत आहे.

सिस्टर_निवृत्त
समन्यायीबद्दल बोलते, कारण ते काम मी केलंय. गोवराच्या लशीची भुकटी विरघळवली की कुपी फार तर सहा तास चालते, सत्र आधी संपलं तर तेव्हाच टाकायची. दहा डोसांची कुपी आणि समोर तीन मुलं, तरी फोडायची. विरळ वस्तीला माणशी सारखाच हिशेब लावलात, तर तिथली मुलं राहतात. तिथे माणशी जास्त डोस पाठवावे लागतात, बर्फाची पेटी उचलून चालणारी माणसंही जास्त लागतात. याला समान कसं म्हणणार?

अनुस्वार
भावना पोचल्या. पण समन्यायी हा पाणीवाटपाच्या आंदोलनातला शब्द, इथे बोजड वाटतो. 'न्याय्य' पुरे.

कोरा_कागद
न्याय्य कोणाच्या मते? कोविडच्या लशी देशोदेशी वाटणाऱ्या कोव्हॅक्स योजनेचं सूत्र काय होतं ते बघा. पहिल्या टप्प्यात प्रत्येक देशाला लोकसंख्येच्या २० टक्क्यांपर्यंत सारख्या प्रमाणात, त्यानंतर जिथे धोका जास्त तिथे जास्त. पहिला टप्पा समान, दुसरा समन्यायी. त्यामुळे रातकिडा, मूळ वाक्यात नक्की काय आहे ते आधी सांगा.

रातकिडा
मूळात 'इक्वल'च आहे, 'इक्विटेबल' नाही.

जुनं_खोड
मग समानच लिहा. लेखकाचं धोरण सुधारणं हे भाषांतरकाराचं काम नव्हे.

सिस्टर_निवृत्त
'उपलब्धता' मात्र काढा. फ्रिजमध्ये असली तरी लस उपलब्धच असते. 'सर्वांना मोफत आणि सारखी मिळावी' म्हणा की सरळ.

अनुस्वार
पत्रकाची भाषा आहे, गप्पा नव्हेत. आणि तो 'लशीची' खटकतोय. लसीकरण, तसं लसीची.

जुनं_खोड
म्हैस-म्हशीची, तशी लस-लशीची. लस म्हणजे मुळात जखमेतून झिरपणारं पाणी. पूर्वी एकाच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडाला टोचत, तिथून हा अर्थ आला असं माझं मत.

कोरा_कागद
व्हॅक्सिन तर लॅटिनमधल्या गाईवरून आलं. १७९६ साली जेन्नरने गाईच्या देवीतली लस टोचली म्हणून. म्हणजे तिकडे गाय, इकडे म्हैस!

अनुस्वार
थट्टा पुरे. म्हशीचा नियम लावायचा तर 'लशीकरण' म्हणणार का?

जुनं_खोड
आमच्याकडे 'टोचून घेणं' म्हणत. करण-बिरण लावायची वेळच येत नसे.

रातकिडा
मोफत ठेवू ना पण?

अनुस्वार
आधी लसीकरणाचं ठरू दे.