वीज तोडून फाइल सिस्टिमची परीक्षा होते का?

मूळ धागा : नोंदवही

अचानक वीज गेल्यावर फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी यंत्रणा, टिकते की नाही हे पाहायचे असेल, तर यंत्राची वीज खरोखरच शेकडो वेळा तोडून पाहावी, असा आग्रह माझ्या कामाच्या ठिकाणी गेले काही महिने धरला जात आहे. त्यासाठी रिले (वीज जोडणारी-तोडणारी कळ) बसवलेला एक सर्किट बोर्डही तयार झाला आहे. तो रात्रभर यंत्र बंद-चालू करतो आणि सकाळी कुणीतरी येऊन फाइल सिस्टिम माउंट झाली, म्हणजे वापरासाठी उघडली, की नाही एवढे पाहून खूण करतो. या खटाटोपातून फाइल सिस्टिमविषयी जवळजवळ काहीच कळत नाही, आणि जे कळायला हवे ते वीज न तोडता अधिक चांगले कळते, म्हणून तो बोर्ड मोडीत काढावा, असे माझे मत आहे. विरोधी मते ऐकायची आहेत, म्हणून कारणे सविस्तर मांडतो.

प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर आधी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) पडून राहतो, तेथून सवडीने डिस्ककडे जातो आणि डिस्कही तो स्वतःच्या कॅशमध्ये ठेवून हव्या त्या क्रमाने खाली उतरवते. या प्रवासात क्रमाची हमी मिळते ती केवळ फ्लशच्या, म्हणजे कॅशमधले सगळे कायमचे खाली उतरवण्याच्या, आज्ञेपाशी. दोन फ्लशच्या मधल्या लेखनांपैकी कोणती टिकली आणि कोणती गेली याच्या शक्यता अगणित असतात, आणि वीज तोडणारा माणूस प्रत्येक वेळी त्यांपैकी एकच, तीही योगायोगाने हाती आलेली, पाहतो. ही आंधळी कोशिंबीर आहे. शिवाय दोष सापडलाच, तरी तो पुन्हा घडवून दाखवता येत नाही, आणि पुन्हा न घडणारा दोष दुरुस्त करणाऱ्याच्या गळी उतरवणे किती कठीण असते हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

याउलट डिस्ककडे जाणारी प्रत्येक लेखन-आज्ञा आणि प्रत्येक फ्लश नोंदवून ठेवावा, मग त्या नोंदीतून हव्या त्या क्षणापर्यंतची डिस्क तयार करावी, ती माउंट करावी आणि आतला मजकूर तपासावा. लिनक्समध्ये यासाठी डीएम-लॉग-राइट्स हे साधन आहे. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी क्रॅशमंकी आणि एस ही साधने मांडली, तेव्हा त्यांनी आधी नोंदल्या गेलेल्या २६ दोषांपैकी २४ पुन्हा घडवून दाखवले आणि बीटीआरएफएस व एफटूएफएस या प्रत्यक्ष वापरातल्या फाइल सिस्टिममध्ये १० नवे दोष शोधले. त्यातला एक ज्ञात दोष पाहण्यासारखा आहे. एक फाइल तयार करा, तिला दुसरे नाव जोडा, सिंक करा (लिहिलेले सगळे डिस्कवर उतरवा), ते दुसरे नाव काढून टाका, त्याच नावाची नवी फाइल बनवा, तिच्यावर एफसिंक करा (तेवढी एकच फाइल उतरवा) आणि यंत्र पाडा, म्हणजे अचानक बंद पाडा. एवढ्यावर बीटीआरएफएस माउंट होण्यासच नकार देत असे. येथे वीज नेमकी कोणत्या क्षणी गेली याला महत्त्व नव्हते, महत्त्व होते क्रियांच्या क्रमाला. रिलेला हा क्रम सुचणार कसा?

प्रतिसाद १ : जुनी तबकडी

धागाकर्त्यांचे विवेचन स्वच्छ आहे. मात्र ते सगळे एका गृहीतकावर उभे आहे, आणि ते गृहीतक म्हणजे फ्लश म्हटल्यावर डिस्क खरोखर फ्लश करते. नोंद करून पुन्हा चालवणारे प्रत्येक साधन डिस्कला सत्यवचनी मानते.

२०१३ मध्ये फास्ट या साठवण-तंत्रज्ञानाच्या परिषदेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ एसएसडींची (चिपवर साठवणाऱ्या डिस्कची) वीज प्रत्यक्ष तोडून पाहिली गेली आणि त्यांपैकी १३ अपेक्षेविरुद्ध वागल्या. काहींत बिट बदलले होते, काहींत एकच लेखन अर्धे नवे आणि अर्धे जुने राहिले होते, काहींत नंतरचे लेखन टिकले आणि आधीचे गेले होते. फाइल सिस्टिमचे जर्नल (बदल करण्याआधी ते टिपून ठेवणारी वही) कितीही काटेकोर असले, तरी त्याची कमिट-नोंद (बदल पूर्ण टिपल्याची खूण) टिकून तिच्या आधीचे ब्लॉकच नाहीसे झाले, तर त्या काटेकोरपणाचे काय करायचे? चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखणारी पडताळणी-संख्या) असलेल्या जर्नलला ही फसवणूक निदान ओळखता येते, चेकसम नसलेल्याला तेवढेही जमत नाही. हा फरक सिम्युलेशनमध्ये दिसायचा असेल, तर आधी कुणीतरी खऱ्या डिस्कची वीज तोडून ती कशी बिघडते हे पाहिलेले असावे लागते. मीही एका पुरवठादाराच्या डिस्कवर असेच अर्धे लेखन पाहिले आहे, आणि त्याच डिस्कच्या माहितीपत्रकात वीज गेल्यावरही विदा (डेटा) सुरक्षित राहील असे ठळक अक्षरांत छापलेले होते.

दुसरे असे की फाइल सिस्टिम एकटी कधीच चालत नाही. २०१८ च्या अखेरीस लिनक्स ४.१९ वापरणाऱ्यांच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवरील फाइली बिघडू लागल्या आणि संशय फाइल सिस्टिमवर घेतला गेला. अखेरीस दोष सापडला तो तिच्या खालच्या ब्लॉक थरात, विनंत्या थेट यंत्राकडे पाठवण्याच्या नव्या मार्गात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. थर वेगळे करून तपासणाऱ्याच्या हातून नेमके थरांच्या सांध्यावरचे दोष निसटतात.

प्रतिसाद २ : नोंदवही

एसएसडीचा मुद्दा मान्य आहे, पण ती डिस्कची परीक्षा झाली, फाइल सिस्टिमची नव्हे. ती करायचीच असेल, तर मध्ये फाइल सिस्टिम कशाला? कच्च्या डिस्कवर क्रमांक आणि चेकसम असलेले ब्लॉक लिहावेत, वीज तोडावी आणि कोणते क्रमांक परत मिळाले ते मोजावे. फाइल सिस्टिममधून पाहिल्यास उलट तिची दुरुस्ती-यंत्रणा डिस्कचे पाप झाकून टाकते. ४.१९ चा दोष तर वीज जाण्याशी संबंधितच नव्हता. यंत्र सुरळीत चालू असतानाच तो विदा खात होता, त्यामुळे तुमच्या रिलेनेही तो दाखवला नसता.

प्रतिसाद ३ : अर्धविराम

दोन्ही पक्ष परीक्षा कशी घ्यावी यावर वाद घालत आहेत. उत्तरपत्रिका कोणी ठरवायची हा प्रश्न मात्र कुणी विचारलेला नाही. यंत्र पडल्यानंतर फाइलमध्ये नेमके काय असायला हवे, हे लिहिलेले कुठे आहे?

पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाण नियमांत, याविषयी फारच थोडे आहे. एफसिंक यशस्वी झाल्यावर त्या फाइलचा मजकूर टिकावा, एवढेच साधारणपणे धरून चालता येते. एफसिंक न करता लिहिलेल्या मजकुराबद्दल कसलेही वचन नाही. २००९ मध्ये ईएक्सटी-४ नवी असताना अनेकांना याचा अनुभव आला. प्रोग्रॅम नव्या नावाने फाइल लिहीत, एफसिंक न करता तिला जुन्या फाइलचे नाव देत आणि निश्चिंत होत. ईएक्सटी-३ मध्ये हे बहुधा निभावून जाई. ईएक्सटी-४ जागावाटप लांबणीवर टाकत असल्यामुळे नावबदल आधी डिस्कवर पोहोचे आणि मजकूर मागाहून, त्यामुळे मध्येच यंत्र पडले की हाती शून्य बाइटची फाइल येई. नियमानुसार दोष प्रोग्रॅमचा होता, वापरणाऱ्यांच्या दृष्टीने फाइल सिस्टिमचा. शेवटी फाइल सिस्टिममध्येच हा वापर ओळखून मजकूर आधी उतरवण्याची सोय केली गेली, आणि ती दोष मान्य करून नव्हे तर लोकाग्रहास्तव केली गेली, असे माझे मत आहे. आता सांगा, २००९ च्या आरंभी एखाद्या स्वयंचलित परीक्षेने ती शून्य बाइटची फाइल पाहिली असती, तर तिने हिरवी खूण करायची की लाल?

ही गोष्ट एकट्या ईएक्सटी-४ ची नाही. २०१४ मध्ये अ‍ॅलिस या साधनाने ११ प्रोग्रॅम तपासले गेले, त्यांत डेटाबेस होते आणि आवृत्त्या सांभाळणारी साधनेही होती. फाइल सिस्टिमने न दिलेल्या वचनांवर विसंबल्यामुळे निर्माण झालेली ६० भगदाडे त्यांत आढळली. नव्या फाइलवर एफसिंक केले, तरी तिचे नाव ज्या डिरेक्टरीत आहे त्या डिरेक्टरीवरही वेगळे एफसिंक करावे, असे लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले आहे. ते न करता चाललेले प्रोग्रॅम किती असतील याची कल्पना करावी. मॅकओएसवर तर साधे एफसिंक डिस्कचा कॅश रिकामा करण्याची आज्ञाच देत नाही, त्यासाठी एफ-फुलएफसिंक नावाची वेगळी आज्ञा वापरावी लागते.

गणिती सिद्धतेने हा प्रश्न सुटेल असे कुणी म्हणेल, म्हणून तेही सांगून ठेवतो. एमआयटीतील एफएससीक्यू ही फाइल सिस्टिम २०१५ मध्ये सिद्धतेसह मांडली गेली, आणि धागाकर्त्यांच्या लाडक्या क्रॅशमंकीनेच पुढे तिच्यात एक दोष शोधला. तो सिद्धतेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या भागात होता. काय सिद्ध करायचे आणि कशापर्यंत, हा निर्णय तिथेही माणसानेच घेतलेला होता.

प्रतिसाद ४ : थंड कॅश

वीज जाणे ही घटनाच आपण गरजेपेक्षा मोठी करून ठेवली आहे, असे मला वाटते. गेल्या काही वर्षांत ज्या दोषांनी लोकांचा विदा खरोखर बिघडवला, त्यांतल्या कित्येकांत वीज गेलेलीच नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये झेडएफएस या फाइल सिस्टिमवर कॉपी केलेल्या फाइलींत मध्येच शून्यांचे पट्टे आढळले. संशय नव्याने आलेल्या ब्लॉक-क्लोनिंगवर (मजकूर पुन्हा न लिहिता तेच ब्लॉक दोन फाइलींना वापरू देण्यावर) गेला, पण मूळ दोष त्याहून बराच जुना निघाला. नुकत्याच लिहिलेल्या फाइलमध्ये विदा कुठे आहे आणि रिकामी जागा कुठे, याचे उत्तर अगदी अरुंद कालखिडकीत चुकीचे दिले जात असे. झेडएफएसचे चेकसम यात गप्प राहिले, कारण कॉपी करणाऱ्याने शून्येच लिहिली आणि शून्यांचे चेकसम बिनचूक होते. पुढच्याच महिन्यात लिनक्स ६.१.६४ मध्ये ईएक्सटी-४ वरील विदा बिघडवणारा दोष निघाला आणि डेबियन या लिनक्स-वितरणाला १२.३ ही आवृत्ती थांबवून थेट १२.४ प्रसिद्ध करावी लागली. तेथे मुख्य शाखेतला एक बदल त्याच्या आधीच्या आवश्यक बदलाशिवाय स्थिर शाखेत आणला गेला होता.

राहिला प्रश्न यंत्र न पडता डिस्कने चूक कळवण्याचा. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आले की लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी ठरले की कर्नल ती न उतरलेली पाने स्वच्छ म्हणून नोंदवू शकते. मग दुसऱ्यांदा एफसिंक केल्यावर यशाचा निरोप येतो आणि विदा मात्र डिस्कवर कधीच पोहोचलेला नसतो. पोस्टग्रेस त्यानंतर अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत न बसता स्वतःहून बंद पडते आणि लॉगवरून पुन्हा उभे राहते. ही चूक वर्षानुवर्षे कुणाच्याही ध्यानात आली नाही, कारण डिस्कने मधूनच चूक परत करावी अशी परीक्षाच फारशी घेतली जात नव्हती. तुमच्या रिलेला जेवढे दिवस दिलेत, त्यातले निम्मे याला द्या.

प्रतिसाद ५ : जुनी तबकडी

थंड कॅश यांच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. पण त्याच्या आड धागाकर्त्यांचा मूळ दावा निसटू नये. रिले योगायोगावर चालतो आणि नोंदीवरून सगळ्या शक्यता पाहता येतात, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. तसे होत नाही. दोन फ्लशच्या मध्ये केवळ ३० स्वतंत्र लेखने असली, तरी टिकलेल्या-गेलेल्यांच्या शक्यता शंभर कोटींच्या पुढे जातात. म्हणून क्रॅशमंकीने केलेल्या त्या शोधात यंत्र फक्त एफसिंक किंवा सिंक पूर्ण झाल्यानंतरच पाडले होते, आणि क्रियांची लांबीही मर्यादित ठेवली होती. मर्यादा शहाणपणाच्या होत्या यात वाद नाही; तरी क्रिया अर्धवट असताना यंत्र पडले तर काय, हा प्रश्न तेथे बाजूलाच ठेवलेला होता. निवड तुम्हीही करता. तुमची निवड विचारपूर्वक असते आणि रिलेची नसते, एवढेच.

प्रतिसाद ६ : नोंदवही

हा आक्षेप रास्त आहे. ‘हव्या त्या क्षणापर्यंतची डिस्क’ असे मी लिहिले, ते लिहिताना ‘तपासण्यास परवडेल अशा क्षणापर्यंतची’ असे म्हणायला हवे होते. लेखनांचा क्रम उलटापालटा करून काढलेल्या शक्यतांचे आम्हीही फक्त नमुने घेतो.

अर्धविराम यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. आमच्या परीक्षेत ज्यावर एफसिंक झाले तेवढेच तंतोतंत जुळवून पाहतो, आणि बाकीच्या फाइली जुन्या रूपात किंवा नव्या रूपात असाव्यात, तिसऱ्या नसाव्यात, असा नियम धरतो. हा नियम पॉझिक्समध्ये नाही, आमच्या वरच्या थरातल्या प्रोग्रॅमना तो हवा आहे म्हणून आहे. त्यामुळे त्या शून्य बाइटच्या फाइलवर आमच्याकडे लाल खूणच पडेल, मग ईएक्सटी-४ चे लेखक काहीही म्हणोत.

रिलेचा बोर्ड मोडीत काढण्याचा माझा प्रस्ताव मात्र मागे घेतो. त्याने यापुढे फाइल सिस्टिम माउंट होते का हे पाहू नये. कच्च्या डिस्कवर क्रमांकित ब्लॉक लिहावेत आणि फ्लशचे वचन पाळले गेले का तेवढे सांगावे. जी डिस्क ज्या प्रकारे खोटे बोलताना सापडेल, तो प्रकार नोंद पुन्हा चालवणाऱ्या साधनात घालता येईल. चूक परत करणारी डिस्क उभी करण्याचे काम पुढच्या आठवड्यात हाती घेतो.

प्रतिसाद ७ : जुनी तबकडी

चालेल. फक्त ती परीक्षा डिस्क खरेदी करताना एकदा घेऊन थांबू नका. फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्रॅम) बदलले की तीच डिस्क वेगळी वागते, म्हणून प्रत्येक फर्मवेअरनंतर ती पुन्हा घ्या. आणि बोर्डने वीज तोडायची ती डिस्कची, संगणकाची नव्हे. संगणकाची तोडल्यास पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरांत उरलेला भार डिस्कला आणखी काही क्षण जिवंत ठेवतो, आणि तेवढ्या वेळात तिचा कॅश बऱ्याचदा खाली उतरून गेलेला असतो.