तेलाची थैली लिटरची दिसते, आत ८४० ग्रॅम. हे चालतं का?

सुदामानगर_काकू
नमस्कार मंडळी, इथे इंदूरची बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. महिन्याचं सामान ठरलेल्या दुकानातून येतं, तेल सोयाबीनचंच, दुसरं आमच्याकडे कोणाला चालत नाही. ह्या वेळी दुकानदार म्हणाला काकू ही दुसऱ्या कंपनीची थैली बघा, दहा रुपये स्वस्त पडेल. घेतली. घरी येऊन डब्यात ओतली तर डबा भरेचना, मला वाटलं थैली कुठे गळतेय की काय, ओटासुद्धा पुसून बघितला. मग चष्मा लावून वाचलं तर खाली बारीक अक्षरात ८४० ग्रॅम. थैलीची उंची तीच, रुंदी तीच, सोयाबीनच्या शेंगांचं चित्रही तसंच, लिटरच्या थैलीशेजारी ठेवली तर मेलं ओळखू येणार नाही. आणि एवढं करून टीव्हीवर जीएसटी कमी झाला म्हणून ढोल वाजले होते, माझं किराण्याचं बिल होतं तिथेच आहे. हे कायद्यात बसतं का? आणि बसत नसेल तर सांगायचं कोणाला?

मल्हारगंज_किराणा
काकू मी स्वतः दुकानदार, शिव्या द्यायच्या असतील तर आधीच देऊन घ्या 😄
एक लिटर सोयातेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी थैली म्हटली की तेवढंच, डोळे झाकून घ्या. आता आठशे, साडेआठशेच्या घरातल्या हव्या तितक्या येतात आणि आम्ही नाही ठेवल्या तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, कारण काउंटरवर येऊन शंभरातले नव्वद लोक एकच विचारतात, "थैली कितीची आहे भिया?" किती ग्रॅमची हे कोणी विचारत नाही. डब्यातही तोच खेळ आहे, १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा लांबून सारखाच दिसतो पण १५ लिटर म्हणजे साडेतेरा किलोच्या जरा वर, घरात लग्न-मुंज असेल तर हे आधी बघा.
जीएसटीचं म्हणाल तर तेलावर आधीही ५ टक्केच होता, २२ सप्टेंबर २०२५ नंतरही ५ टक्केच, त्यामुळे तेलात उतरणार काय? बिस्किटं, साबण, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले, पॅकिंगची शेव-नमकीन १२ वरून ५ वर. त्यात फरक पडायला हवा होता. जुना माल पडला होता तेव्हा माझ्याशीही लोकांनी भांडण केलंय.

ग्राहककोर्टवाला
काकू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून राग येईल, पण हे कायद्यात बसतं. पॅकिंगच्या मालाचे नियम २०११ चे आहेत, त्यात आधी एक यादी होती, चहा, कॉफी, बिस्किटं, खाद्यतेल, साबण वगैरे १९ प्रकारचा माल ठराविक वजनातच भरायचा. ती यादी २०२२ मध्ये काढून टाकली. म्हणजे आता ८४० भरा, ७९५ भरा, छापलेलं आणि आतलं जुळलं की झालं. बदल्यात सरकारने असं केलं की प्रत्येक पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापायचा, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः तुलना करेल.
तक्रार कधी होते तर आत छापल्यापेक्षा कमी भरलं तेव्हा. तसं असेल तर थैली फोडू नका, बिल सांभाळा आणि नापतौलवाल्यांकडे, म्हणजे वजनमाप खात्याकडे जा. नाहीतर १९१५ ही ग्राहकांची सरकारी हेल्पलाइन, तिथे मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही लागत नाही, पण दहा रुपयांच्या तेलासाठी तारखा कोण करणार हे मलाही कळतं.

राजेंद्रनगर_अभि
दादा ते ग्रॅमच्या भावाचं मी बघितलंय आणि तो विनोद आहे. किलोच्या आतल्या पाकिटाला भाव प्रति ग्रॅम छापायचा आणि तो दोन दशांशापर्यंत. आता समजा ९१० ग्रॅमवर एमआरपी १६० आहे आणि ८४० वर १५०. किलोचा हिशेब केला तर पहिली पडते १७५ रुपये ८२ पैशांना आणि "स्वस्तवाली" १७८ रुपये ५७ पैशांना. थैलीवर मात्र दोन्हीकडे ०.१८ छापून येतं!! जी तुलना करायला तो आकडा आणला तीच त्यात दिसत नाही. किलोचा भाव छापायला लावला असता तर काकूंना दुकानातच कळलं असतं. आता सरकार म्हणणार माहिती दिलेली आहे, नागरिकाने जागरूक राहावं. अरे पण जागरूक राहून बघणार काय, ०.१८?
आणि दुसरं म्हणजे कर कमी होऊन कंपनीने भाव उतरवला नाही तर त्याची तक्रार घ्यायला जीएसटीच्या कायद्यात वेगळी सोय होती, नफेखोरीविरोधी कलम १७१. त्यात नव्या तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५ पासून बंद झालं, आणि कर उतरला सप्टेंबरात. खिडकी आधी बंद, लाइन नंतर. सगळा दोष आमच्या वाचण्यावर ढकलू नका यार.

ग्राहककोर्टवाला
अभि, गणित मान्य. फक्त एक सांगतो, सप्टेंबरनंतर जीएसटीच्या तक्रारी १९१५ वर घेतल्या जात होत्या, म्हणजे अगदीच वाली नव्हता असं नाही. पण हेल्पलाइन कंपनीला तक्रार पाठवते आणि मार्ग काढायला सांगते, दंड करायचा अधिकार हेल्पलाइनला नाही. कलम १७१ मध्ये तो होता. तो फरक आहेच.

सांवेर_शेतकरी
सगळे तेल स्वस्त करा म्हणता म्हणून मधे तोंड घालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मंडीत आमचा माल त्याच्या खाली चालला होता. तेव्हा केंद्राने बाहेरून येणाऱ्या कच्च्या तेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं, तुमच्या शहरात तेल महागलं म्हणून बोंब झाली, आणि मे २०२५ मध्ये ते साडेसोळावर आणलं. देशाला लागणाऱ्या तेलातलं अर्ध्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे शुल्क हलवलं की एक तर आम्ही ओरडतो नाही तर तुम्ही. म्हणून भाव किती असावा यावर मी वाद घालत नाही. पण थैलीतले सत्तर ग्रॅम गायब होतात त्यातला एक पैसासुद्धा माझ्या शेतापर्यंत येत नाही, तिथे मी काकूंच्या बाजूने.

मल्हारगंज_किराणा
दादा बरोबर बोललात. आणि खरं सांगू का, ठराविक वजनं परत आणा ही मागणी तेलाच्या धंद्यातल्या लोकांचीसुद्धा आहे, जो पूर्ण ९१० भरतो तो शेल्फवर महाग दिसतो आणि मार खातो. आमचंही नुकसानच, गिऱ्हाईक आठ दिवस आधी तेल संपलं म्हणून आमच्याकडेच संशयाने बघतं.

सुदामानगर_काकू
सगळ्यांचे आभार. थैली ओतून झाली त्यामुळे नापतौल वगैरे राहू द्या, आणि छापलंय तेवढं तेल असेलही. आज दुकानात जाऊन मी त्याला सांगितलं की तेलाच्या फळीवर खडूने किलोचा भाव लिही, तर म्हणाला काकू तुम्ही एकट्याच वाचाल. म्हटलं वाचीन, तू लिही. आमच्या लेनमधल्या चौघी त्याच्याकडूनच घेतात, त्यांनाही सांगून ठेवलंय. अभि, तो दोन दशांशाचा हिशेब मला मराठीत आणि हिंदीत अर्ध्या पानावर लिहून देशील का, ग्राहक मंत्रालयाला पाठवायचा आहे, आणि पत्ता ग्राहककोर्टवाल्यांनी सांगावा. त्या शेवेच्या पाकिटांचंही कोणीतरी बघा, हवाच जास्त असते.