सांगलीला परत गेल्यावर काय दिसलं? (अनुभव लिहा)

वखारभागकर
परवा घरच्या ग्रुपवर काकाचा मेसेज आला, "आयर्विन ३६. कोयनेतनं सोडलंय." मी पुण्यात, ऑफिसात. शेजारी बसणाऱ्या नागपूरच्या पोरानं स्क्रीनवर वाचलं आणि हळूच विचारलं, "आयर्विन कोण? आजारी आहेत का?" आता त्याला काय सांगणार! १९२९ चा पूल आहे आमचा, आणि त्याची पातळी आम्ही घरातल्या म्हाताऱ्याच्या तब्येतीसारखी विचारतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका.

त्यावरून मागची दिवाळी आठवली. बऱ्याच वर्षांनी निवांत राहिलो होतो. जिन्याशेजारच्या भिंतीवर काकानं पुराच्या तीन रेघा ठेवल्यात. खाली २००५, मग २०२१, सगळ्यात वर २०१९. रंगाऱ्याला दरवेळी दम देतो, तेवढा पट्टा सोडून मार. आता ते घर पाडून अपार्टमेंट करायची बोलणी चाललीत. बिल्डरनं नकाशा पसरला, किचन दाखवलं, बाल्कनी दाखवली. काकाचा एकच प्रश्न, "पहिल्या मजल्याची फरशी त्या वरच्या रेघेच्या किती वर?"

कुणी म्हणतं सांगली जुनाटच राहिली, कुणी म्हणतं जुनं काही उरलं नाही. मला दोन्ही पटत नाही. नवी बांधकामंसुद्धा जुन्या पाण्याला विचारून उभी राहतायत.

तुम्हाला काय दिसलं ते लिहा. दुसऱ्या नदीकाठचं गाव असलं तरी चालेल.

पाटलाचा_बारका
३६ म्हणजे अजून दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटवाल्यांचीच पळापळ. त्यांचं सामान दरवर्षी हलतं, त्यांच्यावर कोण धागा काढत नाही. बाकी गाव चाळीसनंतर जागं होतंय.

वखारभागकर
खरं आहे. कर्नाळ रोडला राहणारा माझा मित्र जूनमध्येच फ्रिज मेहुण्याकडे पाठवतो. बायको म्हणते, फ्रिजला माहेर आहे, मला नाही.

गावभागची_लेक
😂😂 माझं माहेर गावभागात. होतं. वाडा गेला, आता तिथं चार मजले आहेत आणि खाली सगळं पार्किंग. वहिनी म्हणाली ताई, आता पाणी आलं तर गाड्या पुलावर नेऊन लावायच्या आणि वर निवांत चहा प्यायचा. मला वाड्याचं वाईट वाटत होतं पण २०१९ ला आईला होडीतनं बाहेर काढलं होतं, तिला जिना उतरताना बघितलेलं मी विसरू शकत नाही. त्यामुळे वाडा वाडा करून गळा काढायची माझी हिंमत होत नाही. आम्ही रडायला सुट्टीत जातो, राहायचं त्यांना असतं.

बरं, चोर गणपती अजून तसाच बसतो हां! लेकीला सांगितलं की भाद्रपद लागला की चतुर्थीच्या आधीच देवळात गुपचूप येऊन बसतो, वाजतगाजत काही नाही. कागदाच्या लगद्याचा, विसर्जन पण नाही. ती म्हणाली मग हा इको फ्रेंडली आधीपासूनच होता. कुकर लावलाय, नंतर येते

हरिपूर_रोड
आमची हळदीची अडत. आजोबांच्या वेळी हळद हरिपूरच्या पेवात असायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, आत माणूस उतरतो. वर्षानुवर्षं हळद राहायची, कीड नाही काही नाही. तिथली मातीच तशी. २००५ ला पाणी पेवात शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली. आता माल गोदामात नाहीतर कोल्ड स्टोरेजला. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेढीवर पेढे वाटले. पण ज्या पेवांनी हे नाव केलं त्यांच्यावर आज गवत आहे. मुलग्याला दाखवायला नेला तर म्हणतो पप्पा, हे तर बोअरचं खड्डं दिसतंय.

गावी परत जायचा प्रश्न नाही, आम्ही गेलोच नाही कुठं. पण एवढं सांगतो, जे परत येतात ते कृष्णाकाठी फोटो काढतात आणि गावचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचा वास आला की नाक धरून गाडीत बसतात. तो नाला आम्ही लहानपणापासून बघालोय. त्याच्यावर पण लिहा की कोणीतरी.

टोरंटोतला_सांगलीकर
इथे रात्रीचे दोन वाजलेत, झोप उडवलीत. मला रिक्षावाला आठवला. बायको मूळची दिल्लीची, तिला म्हटलं स्टेशन चौकात उतर, मी येतो. ती उतरली आणि अर्धा तास स्टेशन शोधत होती! स्टेशन तिथून कधीच हललं, नाव तेवढं राहिलं. रिक्षावाला तिला म्हणाला, "वहिनी, रेल्वे गेली, चौक हाय." आमच्या घरात आता हरवलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल हेच म्हणतात.

पाटलाचा_बारका
रेल्वे गेली चौक हाय 😂 टी शर्ट छापा

दुतोंड्या
मी नाशिकचा, चालेल ना? आमच्याकडे फूट नाही मोजत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेला लागलं की सराफ बाजारवाले दुकानं उचलायला घेतात. मी बंगळुरूला असतो, आईला फोन केला की पहिला प्रश्न, "मारुती कुठपर्यंत?" २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाण्याने बाजार धुतला तेव्हा मी गावीच होतो. ओसरल्यावर भांडी बाजारात चिखलातून पातेली वेचणारे दुकानदार पाहिले, आणि दोन गल्ल्या सोडून मिसळीला रांग! वेळच्या वेळी भूक लागते माणसाला, काय करणार. रामकुंडाचा परिसर मात्र आता इतका सिमेंटचा झालाय की काठ कुठला आणि रस्ता कुठला ते पूर आल्यावरच कळतं.

कृष्णामाई
२०१९ ला ५७ च्या पुढं गेलं ते कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळंच. आणि आता त्याची ५१९ मीटरची उंची ५२४ करायची म्हणतात. यावर बोला, आठवणी काय काढताय.

इंजिनियर_विश्रामबाग
फक्त अलमट्टी नाही. कोयना, वारणा भरलेली, वरून पाऊस, आणि ओतात, म्हणजे नदीकाठच्या सखल भागात, पूररेषेच्या आत भराव टाकून आपणच प्लॉट पाडलेत. विश्रामबागेत उंचावर बसून बोलतोय म्हणाल, पण पाण्याला जागा पाहिजे.

कृष्णामाई
हो तुम्हाला काय, तुमच्याकडे नळाचं पण पाणी चढत नाही

वखारभागकर
अलमट्टीचा वेगळा धागा काढा कृपया, तिथं येतो मी भांडायला.

नटसम्राज्ञी_नाही
कुणी नाटकाचं बोललं नाही अजून? १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथेच पहिलं मराठी नाटक केलं, नाटककार देवल हरिपूरचे. ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात गौरव पदक देतात, त्या कार्यक्रमाला मुद्दाम रजा टाकून गेले. शेजारी दोन आजी बसल्या होत्या. सत्कारमूर्ती बोलत होते तेव्हा एक दुसरीला म्हणाली, "मागच्या रांगेत बसायला पाहिजे होतं, इथं एसी अंगावर येतोय." दुसरी म्हणाली, "पूर्वी डास अंगावर यायचे, त्यापेक्षा बरं." पुढचं भाषण मी ऐकलंच नाही, त्यांचंच ऐकत बसले.

गावभागची_लेक
आले परत. कुकर झाला. नदीवर पोहायला कोण कोण शिकलं? आमचा दादा पाठीला वाळका भोपळा बांधून. आता भाच्याला स्विमिंग टँकचा क्लास आहे, महिना फी ऐकून दादा म्हणाला एवढ्यात भोपळ्याचं शेत झालं असतं

हरिपूर_रोड
आता पोहू नका ताई, भिलवडी औदुंबरकडे मगरी हायत. मधनंमधनं खाली पण दिसतात.

टोरंटोतला_सांगलीकर
मगरी सोडा, मला कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत हवंय. इथली वांगी भाजली की नुसतं पाणी सुटतं.

नटसम्राज्ञी_नाही
थंडीतलंच घ्या, कच्चा कांदा आणि दही घालून. फोडणी नको.

पाटलाचा_बारका
दही?? भरतात शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. दही घालणारी माणसं कुठली हो?

नटसम्राज्ञी_नाही
मिरजेची. बोला.

पाटलाचा_बारका
मग बरोबर आहे 😄

टोरंटोतला_सांगलीकर
भांडा निवांत. तेवढं कुणी डिसेंबरात इकडे येणार असेल तर दोन किलो भडंग आणाल का? लसूण जास्त. बॅगेतल्या कपड्यांना वास लागला तर ड्रायक्लीनचे पैसे मी देतो.