कोर्टाने नुसतं 'निर्णय घ्या' म्हणून याचिका निकाली काढणं बंद व्हावं का?

आडवाट:
कायद्याने नेमून दिलेलं काम अधिकारी करत नसेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय ते करायला लावू शकतं. या आदेशाला परमादेश म्हणतात, कोर्टाच्या आवारात मँडॅमस. हे हत्यार बोथट झालंय आणि बऱ्याच अंशी ते कोर्टांनीच बोथट केलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

कसं ते बघा. याचिका बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, येते. सरकारी वकील सांगतात, अर्ज प्रलंबित आहे, त्यावर निर्णय घेऊ. लगेच आदेश होतो: प्रतिवादी क्र. 2 यांनी याचिकाकर्त्याच्या अर्जावर आठ आठवड्यांत कायद्यानुसार निर्णय घ्यावा, गुणवत्तेवर (म्हणजे मागणी योग्य की अयोग्य यावर) आम्ही मत दिलेलं नाही, याचिका निकाली. मुदत संपता संपता दोन ओळींचं पत्र येतं: 'आपली विनंती नियमात बसत नसल्याने मान्य करता येत नाही.' आदेशाचं पालन झालं, त्यामुळे अवमानही नाही. माणूस होता तिथेच, फक्त आता नवी याचिका आणि वकिलाची नवी फी.

माझ्या आईचं कुटुंब निवृत्तिवेतन असंच अडकलं होतं. हक्क आहे की नाही यावर कोर्टात एक वाक्यही बोललं गेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा घोळ 2006 मध्येच ओळखला होता, आंध्र प्रदेशच्या मार्ग परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात. काय चुकलंय ते ठरवून त्या चौकटीत पुन्हा विचार करायला सांगणं वेगळं, आणि काहीच न ठरवता 'विचार करा' म्हणणं वेगळं. यातलं काय अभिप्रेत आहे ते आदेशातच स्पष्ट असावं, असं कोर्टाने म्हटलं होतं. तरी साचा तोच चालू आहे. माझी मागणी एवढीच: कर्तव्य आहे की नाही हे कोर्टाने स्वतः ठरवावं, आणि असेल तर कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते लिहावं.

मधलीसुट्टी:
आईंचं वाचून वाईट वाटलं. पण मी टेबलाच्या पलीकडे बसून नोकरी केली आहे, तिथलं सांगते. कोर्टाच्या आदेशाची प्रत आवकला आली की नस्तीवर, म्हणजे फाइलवर, लाल शाईत 'न्यायालयीन प्रकरण, तातडीचे' असं लिहिलं जातं आणि ती गठ्ठ्यात सगळ्यात वर जाते. त्याच टेबलावरचा दुसरा लिपिक निवृत्त झालेला असतो, जागा भरलेली नसते. मग खाली जाते कुणाची नस्ती? जिला वकील परवडत नाही त्या बाईची. तिने तर आधी अर्ज केलेला असतो.

तुम्ही म्हणता तसे कडक आदेश वाढले तर रांग कायद्यावर नाही, खिशावर ठरेल. माझा विरोध याला आहे.

पायवाट:
ताई, मुद्दा खरा आहे. पण माणसं नाहीत, पैसे नाहीत हे कारण एकदा मान्य केलं की कुठलंच कर्तव्य उरत नाही. 1980 चा रतलाम नगरपालिकेचा निकाल आठवा. उघडी गटारं, घाण, रहिवासी हैराण, आणि नगरपालिका म्हणत होती निधी नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब साफ फेटाळली. (तो रिट, म्हणजे परमादेशासारखा आदेश मागणारी याचिका, नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली दंडाधिकाऱ्याने आदेश दिला होता आणि प्रकरण वर गेलं होतं. पण तत्त्व हेच.)

आणि रांगेचं म्हणाल, तर याचिका एकाची आणि लाभ सगळ्यांचा असंही होतं. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत 28 नोव्हेंबर 2001 ला अंतरिम आदेश झाला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्या. कोरडं धान्य देऊन मोकळं होणाऱ्या राज्यांना शिजवावं लागलं. त्यातली किती मुलं कोर्टात गेली होती?

गावकुस:
उदाहरणं निवडून दिली की सगळं सोपं दिसतं. मी एक देतो. पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सगळ्या राज्यांना निर्देश दिले. कोणी, काय, कधीपर्यंत, सगळं त्यात होतं. आज वीस वर्षांनीही ते पुरते अमलात आलेले नाहीत. मग नेमका आदेश दिला की काम होतं, हे कशावरून?

दुसरं म्हणजे मर्यादा. अमेरिकेत 1803 च्या मार्बरी खटल्यात मुख्य न्यायमूर्ती मार्शल यांनी भेद केला होता: कायद्याने ठरवून दिलेलं काम कोर्ट करून घेऊ शकतं, जिथे अधिकाऱ्याला विवेकाधिकार आहे तिथे नाही. (माणसाचा हक्क मान्य करूनही त्या कोर्टाने आदेश दिला नाही, कारण तो देण्याचा अधिकारच आपल्याला नाही असं ठरवलं.) आपल्याकडे ही रेषा वारंवार ओलांडली जाते. अधिकाऱ्यांना ऊठसूट समोर उभं करणं, कपड्यांवरून बोलणं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर सचिवांना ताब्यात घ्यायला लावलं होतं. शेवटी जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कार्यपद्धतीच आखून द्यावी लागली. ज्याला रोज कारभार चालवायचा आहे त्याला थोडी मोकळीक हवीच.

आडवाट:
गावकुस, विवेकाधिकाराचं पूर्ण मान्य. पूल कुठे बांधायचा हे न्यायाधीशांनी सांगू नये. पण निवृत्तिवेतन मंजूर करणं, दखलपात्र गुन्ह्याची खबर आल्यावर एफआयआर नोंदवणं, यात विवेक कसला? एफआयआर बंधनकारक आहे हे 2013 मध्ये घटनापीठाने सांगून झालंय.

पोलीस सुधारणांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. आदेश नेमका होता, पण न पाळल्याची झळ कुणालाच व्यक्तिशः बसली नाही. माहिती अधिकार कायद्यात उशिराला दिवसाला 250 रुपये दंड, जास्तीत जास्त 25,000, आणि तेही अधिकाऱ्याच्या खिशातून. म्हणून तीस दिवसांची मुदत जवळ आली की कार्यालयात हालचाल सुरू होते. न्यायालयाच्या अवमानाला 1971 च्या कायद्यात सहा महिने कैद किंवा 2,000 रुपये दंड आहे, किंवा दोन्ही. पण बहुतेक वेळा अधिकारी माफीचं शपथपत्र देतो, कोर्ट ते स्वीकारतं, संपलं. उशिराचा खर्च पगारातून वसूल करा. अटकेची गरजच नाही.

मधलीसुट्टी ताई, रांगेच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण एकाच प्रकारच्या दहा याचिका आल्या तर कोर्टाने त्या टेबलावरच्या सगळ्याच प्रलंबित अर्जांची यादी मागवून तारीख द्यावी, हे तरी व्हायला हवं.

मधलीसुट्टी:
यादी मागवली तर माझा विरोध निम्मा कमी होईल. मात्र पगारातून वसुली लिपिकाच्या नको. सही न करता नस्ती अडकवून ठेवणाऱ्या साहेबाच्या करा. आम्ही टिपणी वेळेत ठेवलेली असते, तारखेसह.

पायवाट:
म्हणूनच याचिकेत कार्यवाहीच्या टिपणीची प्रत जोडावी, माहिती अधिकारात मिळते. नस्ती कुणाकडे किती दिवस होती ते त्यात दिसतं. आणि कोर्टात जाण्याआधी लेखी मागणी करून आवक शिक्क्याची पोहोच घ्या. मागणी केली आणि ती नाकारली किंवा दुर्लक्षिली, हे दाखवता आलं नाही तर बऱ्याचदा याचिका तिथेच अडते.