दाढा काढल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणं उलट वाढतंय, हे नॉर्मल आहे का?

नीरेकाठचा
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आईच्या (वय ६३) खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा सोमवारी काढल्या, एक हलत होती आणि एक पार पोखरलेली, पुढे कवळी बसवायचीय म्हणून. काढताना काही त्रास नाही झाला, येताना गाडीत मलाच म्हणत होती उगाच घाबरवलं लोकांनी. त्या रात्री दुखलं, मंगळवारी बरं होतं, सूज होती पण पेज, मऊ भात खाल्ला. काल संध्याकाळपासनं मात्र अशी कळ सुरू झालीय की थेट कानात जाते, रात्रभर बसून काढली बिचारीने. तोंडाला वास पण यायला लागलाय. ताप नाही. डॉक्टरांनी झेरोडॉल एसपी सकाळ-संध्याकाळ आणि अँटिबायोटिक दिलंय, ते चालूच आहे. शेजारच्या काकूंनी कॉम्बिफ्लॅम दिली तीपण घेतली, थोडा वेळ बरं वाटलं की परत तेच. बीपीची टेल्मा एच आणि शुगरची गोळी रोजची आहे. डेंटिस्ट तालुक्याला, जायचं म्हणजे गाडी ठरवावी लागते, म्हणून आधी इथे विचारतोय, एक-दोन दिवस वाट बघितली तर चालेल का? लवंगेचं तेल लावू का? बर्फ?

आजीचा_बटवा
लवंगेचं तेल बेस्ट, कापसाचा बोळा भिजवून सरळ खड्ड्यात ठेवायचा. आमच्याकडे सगळे हेच करतात. हळद-मिठाच्या गुळण्या पण करा दणकून, वास जाईल.

सदाशिवपेठी
डॉक्टरने मुळाचा तुकडा आत ठेवला असणार. दुसरा डॉक्टर बघा, पहिल्याकडे परत जाऊच नका. आजकाल कोणीही बोर्ड लावून बसतं.

दंतकथा
मी दातांचीच डॉक्टर आहे, पण तोंडात न बघता नक्की काही सांगता येत नाही हे आधीच सांगते. तरी तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे आधी कमी झालेलं दुखणं दोन-तीन दिवसांनी एकदम वाढणं, कानाकडे जाणं, वास, गोळीला दाद न देणं, यावरनं पहिला संशय ड्राय सॉकेटचा येतो. दात काढला की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तीच खालचं हाड झाकून ठेवते. ती निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं, हवा लागली, पाणी लागलं की कळ. खालच्या दाढांना हे जास्त होतं. आरशात बघितलं तर खड्डा रिकामा, करडा दिसतो कधीकधी. यात डॉक्टर चुकलाच असं अजिबात नसतं, सदाशिवपेठी, चांगल्या हातांनी काढलेल्या दाढेलाही होतं. उलट ज्यांनी काढली त्यांच्याकडेच जा, त्यांना माहितीय आत काय होतं ते.

वाट बघू नका, आजच जा. ते खड्डा सलाईनने धुतील आणि आत औषधाची पट्टी ठेवतील. बऱ्याच जणांना त्यावर काही तासांत फरक पडतो. नुसत्या गोळ्या बदलत बसून हे आटपत नाही आणि अँटिबायोटिक दुखण्यावर काम करत नाही.

आता गोळ्यांचं, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. झेरोडॉलमध्ये अॅसिक्लोफिनॅक आहे, कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन, दोन्ही एकाच जातीची औषधं. दोन एकदम घेतल्याने दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटाला आणि किडनीला मात्र त्रास वाढतो. त्यात टेल्मा एचमध्ये लघवीचं औषध पण असतं, आणि आई दुखतंय म्हणून पाणीही कमी पीत असतील, वय ६३, शुगर, हे सगळं एकत्र किडनीसाठी चांगलं नाही. बीपीही वाढू शकतो. कॉम्बिफ्लॅम बंद करा. दोन्हींत पॅरासिटॅमॉल ३२५-३२५ आहे, वरून कोणी डोलो ६५० दिली तर तीही त्याच हिशोबात धरायची. फोन करून डॉक्टरांना बीपी-शुगरच्या गोळ्यांची नावं वाचून दाखवा, तेच सांगतील काय चालू ठेवायचं. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आणि खाणं निम्म्यावर आलं असेल आणि शुगरची गोळी पूर्ण चालू असेल तर शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं असलं काही होतंय का बघा, मशीन असेल तर तपासा.

लवंगेचं तेल तसंच्या तसं खड्ड्यात नको, हिरडी भाजते. आम्ही पट्टीत त्याच तेलातलं युजेनॉल वापरतो पण मोजून. डिस्प्रिन गालात धरायचा सल्लाही कोणी देईल, तोही नको, तोंड सोलून निघतं. बर्फ पहिल्या दिवशी, गालावर बाहेरून, १५-२० मिनिटं ठेवून थांबायचं, आता त्याचा फारसा उपयोग नाही. कोमट मीठपाणी चालेल पण दणकून नाही, तोंडात घोळवून हलकेच सोडून द्यायचं.

एक विचारते, राग मानू नका. आई मिश्री लावतात का?

घाटावरची
दंतकथा ताईंना +१. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले भूल उतरायच्या आत पहिली गोळी घ्या, ३-४ तासांत उतरते आणि मग गोळी लागू पडायला वेळ जातो तोवर माणूस कळवळतो. हे पुढच्या वेळी लक्षात ठेवा (काकूंचे अजून दात काढायचे असतील तर). रात्री दोन उशा घेऊन डोकं वर ठेवायचं, आडवं पडलं की ठणका जास्त जाणवतो. स्ट्रॉने काही प्यायचं नाही, सारखं थुंकायचं नाही. आमच्या सासूबाई दर पाच मिनिटांनी बेसिनवर, किती सांगितलं तरी ऐकायच्या नाहीत.

नीरेकाठचा
ताई मिश्रीचं विचारलंत आणि मी आईकडे बघितलं तर ती भिंतीकडे बघायला लागली. बायकोने डबी शोधून काढली उशीखालून. म्हणे दुखतंय म्हणूनच लावली, त्याने बधिर होतं. मंगळवारी दुपारपासनं चालू होतं. उलट्या बाजूला लावते म्हणे, त्या बाजूला नाही!! गाडी सांगितलीय, निघतोय.

दंतकथा
रागावू नका त्यांना. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या काकूंचं हेच, दात दुखतो म्हणून मिश्री सुरू केलेली असते आणि मग ती सुटत नाही. पण तंबाखू कुठल्याही बाजूला लावली तरी तोंडभर फिरतेच, रक्तवाहिन्या आखडतात, जखमेला रक्त कमी मिळतं. बोटाने घासणं, थुंकणं, ते वेगळंच. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आईंसमोर नको वाटलं तर बाहेर येऊन सांगा. आणि रस्त्यात किंवा नंतर कधीही ताप चढला, सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तोंड उघडेनासं झालं, तर दवाखाना वगैरे न बघता सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं, मग रात्र असो की काही.

सदाशिवपेठी
बरं बाबा, मुळाचा तुकडा मागे घेतो. काकूंना आराम पडो.

नीरेकाठचा
आत्ता आलो घरी. ड्राय सॉकेटच निघालं, एकाच खड्ड्यात, दुसरा चांगला भरतोय. धुऊन पट्टी ठेवली, लवंगेचा वास येतोय तोंडाला, आई म्हणते हेच मी घरी करणार होते 😀 येताना गाडीत झोपली. झेरोडॉल बंद करून नुसती पॅरासिटॅमॉल दिलीय, शुगरच्या डॉक्टरांशी पण ते फोनवर बोलले. परवा पट्टी बदलायला बोलावलंय. दोन प्रश्न राहिले, भाकरी कधी खाता येईल (सारखी विचारतेय) आणि कवळीचं माप कधी घेतात?

दंतकथा
छान झालं. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, उजव्या बाजूने, दुखणं बसलं की चालेल, कडक आणि तिखट मात्र आठवडाभर नको. ड्राय सॉकेट साधारण ७-१० दिवसांत शांत होतं, पट्टी एक-दोनदा बदलावी लागेल, मधे पडली तर घाबरू नका, फोन करा. कवळीला हिरडी बसावी लागते, दीड-दोन महिने तरी धरा, शुगर वरखाली असेल तर थोडं जास्त. आणि ती डबी बायकोकडेच राहू दे.