पाळीच्या कळा : लेकीला गोळी नेमकी कधी द्यावी?

लेकीचा बाबा

नमस्कार. मुलगी साडेचौदा वर्षांची आहे. घरात आम्ही दोघंच. तिची आई नाही, त्यामुळे पाळीचंही ती मलाच सांगते. तिने सांगावं असंच मला वाटतं, पण तिला द्यायला माझ्याकडे उत्तरं नाहीत, म्हणून इथे विचारतोय.

पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. पहिलं वर्षभर तारखा पुढेमागे व्हायच्या, मध्येच दोन महिने काहीच नाही, पण दुखलं असं कधी झालं नाही. गेल्या चार-पाच महिन्यांत पाळी वेळेवर यायला लागली आणि त्याच सुमारास कळा सुरू झाल्या. मागच्या खेपेला पहाटे साडेचारला बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसली. दोनदा उलटी, तीनदा पातळ शौच, हातपाय गार. मला वाटलं खाण्यातून काही बाधलं. तीच म्हणाली, "बाबा, पाळी आलीय." कंबर आणि मांड्यासुद्धा ओढल्यासारख्या दुखतात म्हणते. सहन होईल तेवढं करू म्हणून आम्ही थांबलो आणि नवाच्या सुमारास पॅरासिटामॉल दिली. तिचा फारसा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र आपोआप बरी.

आधी दुखत नव्हतं आणि आता दुखतं, म्हणजे आत काही बिघडलं का? दर महिन्याला गोळी दिली तर सवय लागेल का? आणि इतकं दुखण्यापर्यंत जाऊच नये, यासाठी काही करता येतं का?

जुनी वही

दादा, पहिल्या प्रश्नाने तुमची झोप उडाली असणार, म्हणून तेच आधी. वर्षभर काही नाही आणि मग कळा, हा या दुखण्याचा अगदी नेहमीचा क्रम आहे.

सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच मुलींच्या पाळीत बीज बाहेर पडतच नाही. तारखा पुढेमागे होतात त्या त्यामुळेच. बीज नियमित बाहेर पडायला लागलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं, आणि महिन्याच्या शेवटी ते एकदम उतरतं. ते उतरलं की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य भरपूर तयार होतं. त्याने गर्भाशयाचे स्नायू आवळतात, आवळताना आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि स्नायूला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. दंडाला घट्ट पट्टा बांधून मुठीची उघडझाप करून पाहा, थोड्या वेळात हात कसा ठणकतो. कळ ती तीच. हेच द्रव्य आतड्यालाही ढवळतं, म्हणून शौचाला पातळ होतं. मळमळ, उलटी, डोकेदुखी यांच्यामागेही तेच. तुमच्या लेकीने त्या पहाटे सोसलं ते सगळं या एका धाग्यात बसतं.

आता गोळी. मी स्वतः पंधराव्या वर्षापासून भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाविसाव्या वर्षी मी एक वही केली. तीन रकाने: पहिला डाग किती वाजता, पहिली गोळी किती वाजता, उठून कामाला कधी लागले. मला छळणारं कोडं एकच होतं. तीच आयबुप्रोफेन, तेवढीच मात्रा, एका महिन्यात दीड तासात मी उभी, आणि पुढच्या महिन्यात संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेली. सहा महिन्यांची पानं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा कळलं. चांगल्या महिन्यांत गोळी डाग दिसल्यापासून अर्ध्या तासात घेतली होती. वाईट महिन्यांत चार-पाच तास "बघू, सोसवतंय का" यात घालवले होते.

याचं कारण नंतर समजलं. १९७१ साली जॉन वेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिनच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाहीत. १९८२ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी याच जातीची. पण बनू न देणं वेगळं आणि बनून गेलेलं काढून टाकणं वेगळं. जे आधीच बनलंय त्याच्यापुढे गोळीचं काही चालत नाही. शिवाय उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात ठरतही नाही. म्हणून "असह्य झाल्यावरच गोळी" हा नियम या दुखण्याला उलटा पडतो. पहिला डाग दिसताक्षणी, किंवा तारीख पक्की असेल आणि ओटीपोट जड वाटायला लागलं असेल तर तेव्हाच. आणि पहिले एक-दोन दिवस ठरलेल्या अंतराने, कळ परत येण्याची वाट न पाहता. मग बंद. पॅरासिटामॉल वाईट नाही, पण या कामात ती कमी पडते.

सवय लागत नाही. महिन्यातून दोन दिवस घेतलेल्या या गोळीने ना व्यसन लागतं ना पुढे मात्रा वाढवावी लागते. जपायचं ते पोटाला आणि मूत्रपिंडाला. गोळी उपाशीपोटी नको. उलटी-जुलाब झाले असतील तर आधी पाणी पोटात जाऊन लघवी नीट होऊ दे. एकाच जातीच्या दोन गोळ्या एकत्र नकोत, म्हणजे आयबुप्रोफेन चालू असताना डायक्लोफेनॅक नाही. घरात ॲस्पिरिन असेल तर ती तिला देऊ नका, सोळाच्या आतल्या मुलांना ती चालत नाही. वय, वजन आणि आधीचे आजार सांगून मात्रा आणि अंतर डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या, आणि तो कागद तिच्या हाती द्या. तिचं दुखणं आहे, वेळापत्रक तिलाच माहीत हवं.

शेकही घरगुती समजूत म्हणून सोडून देऊ नका. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटावर सुमारे ३९ अंशांची ऊब बारा तास ठेवली, तर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा घेतल्याइतका आराम पडला. दोन्ही एकत्र केल्यावर आराम आणखी लवकर मिळाला. पण ३९ अंश म्हणजे कोमट! मी उकळत्या पाण्याची पिशवी थेट कातडीवर धरून वर्षं काढली. माझ्या ओटीपोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडले आणि जायला फार वेळ लागला. पिशवीखाली कापड असू द्या, आणि पिशवी पोटावर घेऊन तिला झोपू देऊ नका.

आता हे मात्र नीट वाचा. तेहतिसाव्या वर्षी माझं दुखणं बदललं. पाळीच्या आधी आठवडाभर दुखायचं, पाळीत शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं, आणि वेळेवर घेतलेली गोळीही पुरेनाशी झाली. एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, ती स्वच्छ आली, आणि मला सांगितलं, "काही नाही, तुमची सहनशक्ती कमी आहे." ते वाक्य मी तीन वर्षं खरं मानलं. शेवटी दुसरीकडे दुर्बिणीतून तपासणी झाली आणि एंडोमेट्रिओसिस निघालं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, आतड्याजवळ वाढलेली. जननक्षम वयातल्या दहापैकी सुमारे एका बाईला हा आजार असतो, किशोरवयातही होतो, आणि साध्या सोनोग्राफीत तो न दिसणं मुळीच दुर्मिळ नाही. ती तीन वर्षं मला कुणी परत देणार नाही, म्हणून मी हे जिथे विषय निघेल तिथे सांगते.

तुमच्या लेकीचं वर्णन साध्या कळांचं वाटतं. पण गोळी वेळेवर आणि पुऱ्या मात्रेत घेऊनही तीन पाळ्यांत फरक पडला नाही, दुखणं महिन्यागणिक वाढत गेलं, पाळी नसतानाही दुखलं, लघवी-शौचाला दुखलं किंवा तासाला पॅड भिजायला लागलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. ताप आला किंवा एका बाजूला अचानक तीव्र कळ आली तर त्याच दिवशी न्या.

श्वास

वहीताईंच्या उत्तरात एकच भर. मला दमा आहे. सतराव्या वर्षी मैत्रिणीने दिलेली आयबुप्रोफेन घेतली आणि तासाभरात छाती अशी भरून आली की इस्पितळात न्यावं लागलं. सगळ्या दमेकऱ्यांना असं होत नाही, काहींनाच होतं, पण ते आधी कळत नाही. लेकीला दमा, पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर ही गोळी विचारल्याशिवाय नको. माझं भागतं ते शेक आणि पॅरासिटामॉलवर, आणि गेल्या दोन वर्षांपासून हॉर्मोनच्या गोळ्यांवर.

फिजिओ

"दुखूच नये म्हणून काय" याचं माझ्या बाजूने उत्तर: व्यायाम. पण तो पाळीच्या दिवसांपुरता करून भागत नाही, महिनाभर करायचा. ज्या चाचण्यांत फायदा दिसला त्यांत बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीन वेळा किंवा जास्त, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं, असा व्यायाम होता. धावणं, ताणाचे व्यायाम, योगासनं, कशानेही चालतं. फरक दिसायला दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि नेमकं तिथेच मुली सोडून देतात. तिला आवडेल तेच निवडू द्या.

गोळी चालत नसेल तर टेन्स हे छोटं यंत्र आहे, कातडीवरून विजेचे हलके झटके देऊन दुखणं कमी करणारं. ओटीपोटावर किंवा कमरेवर चिकटपट्ट्या लावायच्या, वारंवारता वरची ठेवायची, म्हणजे ५० ते १२० हर्ट्झ. मुंग्या जाणवल्या पाहिजेत, पण टोचता कामा नये. पेसमेकर असलेल्यांनी वापरायचं नाही, झोपेतही नाही.

मॅग्नेशियम वगैरे पूरकांबद्दल नेहमी विचारतात. पुरावा तुटपुंजा आहे. माझ्याकडच्या मुलींना मी त्यावर पैसे घालायला सांगत नाही.

लेकीचा बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं लेकीला वाचायला दिलं. "सहनशक्ती कमी" हे वाक्य वाचून ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं." मला हे माहीतच नव्हतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. दमा नाही, बाकी काही नाही. आयबुप्रोफेन लिहून दिली, मात्रा आणि अंतरासकट. तीन पाळ्यांत भागलं नाही तर हॉर्मोनच्या गोळ्यांचा विचार करू म्हणाल्या. इतक्या लहान वयात त्या चालतात का? पुढे मूल होण्यात अडचण येते, असं ऐकलंय.

जुनी वही

चालतात, दादा, आणि किशोरवयातल्या मुलींना या त्रासासाठी डॉक्टर त्या देतातही. त्या गोळ्यांनी बीज बाहेर पडणं थांबतं आणि अस्तर पातळ राहतं. अस्तरच कमी तर प्रोस्टाग्लँडिन कमी, म्हणून कळा कमी. गोळ्या थांबवल्या की चक्र पुन्हा सुरू होतं, त्यांनी वंध्यत्व येत नाही. डॉक्टरांना दोन गोष्टी मात्र न विचारताही सांगा. घरात कुणाला कमी वयात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, आणि लेकीचं डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येतात का. यातलं काही असेल तर त्या गोळ्यांचा प्रकार बदलावा लागतो.

आणि ती गप्प बसली होती ना, त्याबद्दल. तिला एवढंच सांगा की उलटी होईपर्यंत सोसणाऱ्या मुलीची सहनशक्ती कमी नसते. कुणीतरी मला हे पंधराव्या वर्षी सांगायला हवं होतं.

लेकीचा बाबा

दोन पाळ्या झाल्या, म्हणून कळवतोय.

पहिल्या वेळी चुकलो. डाग रात्री दिसला, ती मला उठवायला संकोचली आणि गोळी सकाळी घेतली. दिवस वाया गेला, पण उलटी एकच झाली. त्यानंतर गोळ्या माझ्या कपाटातून तिच्या कपाटात गेल्या, आणि दोन गोळ्या दप्तरात, वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहून.

या वेळी शाळेतच, दुपारी पावणेदोनला. खाऊन झालेलं होतं, लगेच गोळी घेतली. शेवटचे दोन तास वर्गात बसली. पोट जड होतं आणि कंबर दुखत होती, पण लिहिता येत होतं म्हणाली. रात्री दहाला पुढची गोळी घेतली. दीडला कळ आली, तेव्हा पिशवीत कोमट पाणी भरून दिलं, खाली टॉवेल घालून. झोप लागल्यावर पिशवी काढून घेतली. उलटी नाही, जुलाब नाहीत. तिसरी पाळी बघून डॉक्टरांकडे जाणारच आहोत.

तिने वही केली आहे. तुमचे तीन रकाने घेतले आणि चौथा स्वतःहून घातला: "बाबाला उठवलं का?" मागच्या महिन्यात तिथे "नाही" आहे. या महिन्यात "हो, दीड वाजता".