गो या प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या रँड (रँडम आकडे देणाऱ्या) पॅकेजात सीड (आकड्यांचा क्रम ठरवणारा आरंभीचा आकडा देणारं फंक्शन) का नाही?

प्रश्न: जुन्या कोडमध्ये मेन फंक्शनच्या सुरुवातीलाच सीड असायचं. व्ही2 मध्ये, म्हणजे पॅकेजच्या नव्या आवृत्तीत, ते फंक्शनच नाही. टेस्टमध्ये तेच आकडे परत कसे आणू?

उत्तर: पीसीजीला (व्ही2 मधली रँडम आकडे बनवायची एक पद्धत) सीड म्हणून दोन आकडे देऊन स्वतःचा जनरेटर बनव आणि तोच फंक्शनला दे. अख्ख्या प्रोग्रामसाठीचं सामाईक सीड गेलं ते फार बरं झालं. कुठल्याही लायब्ररीने एखादा आकडा उचलला की आपला अख्खा क्रम बदलायचा! 2023 मधल्या गो 1.20 पासून सामाईक जनरेटर आपोआप सीड होतो; आधी सीड न दिल्यास 1 धरलं जाई.

दुसरं उत्तर: व्ही2 मधून रीडही (रँडम बाइट भरून देणारं फंक्शन) काढलंय. चावी, टोकन यांसाठी क्रिप्टो-रँड हे सुरक्षेसाठीचं वेगळं पॅकेजच वापरा, कृपया.

प्रश्नकर्ता: पीसीजीने काम झालं. आभार!